फक्त चार रन

आमच्या हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये दर आठवड्याला एक तरी वाद असा रंगतो, की त्याचा निकाल लागत नाही आणि मेसची वेळ मात्र टळून जाते. परवाचा विषय होता ब्रॅडमन. टीव्हीवर एका जुन्या मॅचच्या हायलाइट्स चालू होत्या. एक बॅट्समन ९७ वर येऊन अडकला होता आणि साधे साधे बॉलसुद्धा खाली दाबून ठेवत होता. तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं की याच्या जागी ब्रॅडमन असता तर दोन बॉलमध्ये काम संपवलं असतं, त्याला टेन्शन नावाचा प्रकारच माहीत नव्हता, तो मशीन होता मशीन! आम्हा मेकॅनिकलच्या पोरांना मशीन म्हटलं की उगाचच आदर वाटतो, त्यामुळे सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. पण रूमवर आल्यावर ते वाक्य काही डोक्यातून जाईना, कारण माझा त्यात एक खाजगी हिशेब होता.

हिशेब असा. गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मी सहाव्या नंबरवर बॅटिंगला गेलो. समोरच्या टीमचा फास्ट बॉलर बाउन्सरसाठी प्रसिद्ध होता. आदल्या रात्री मी झोपेतसुद्धा हुक मारत होतो म्हणे (रूम पार्टनरची साक्ष आहे). बॉल पडायच्या आधीच माझं सगळं वजन मागच्या पायावर गेलेलं, आणि बॉल आला तो सरळ फुलटॉस. दांडी गुल! त्यानंतर सबमिशनचं कारण सांगून मी नेटला जाणं सोडलं आणि मनाशी ठरवून टाकलं, की ज्यांना भीती वाटते ती माणसं मुळात खेळाडूच नसतात. आता ब्रॅडमन जर खरंच मशीन असेल, तर माझा निष्कर्ष बरोबर. म्हणून लायब्ररीतून त्याच्यावरची पुस्तकं काढली आणि सोबत खेळाच्या मानसशास्त्राचं एक जाडजूड पुस्तकही आणलं. सगळी इंग्रजीत. मी कॉन्व्हेंटचा, त्यामुळे वाचायला सोपं गेलं, मराठीत लिहिताना मात्र घाम फुटतोय. शुद्धलेखनाची जबाबदारी मराठी विभागाच्या संपादकांवर!

डोनाल्ड जॉर्ज ब्रॅडमनचा जन्म २७ ऑगस्ट १९०८ चा, ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समधल्या कूटामंड्रा गावचा. तो अगदी लहान असताना कुटुंब बाऊरल नावाच्या छोट्या गावी राहायला आलं. वडील सुतारकाम करायचे. घराच्या मागे विटांच्या चौथऱ्यावर पाण्याची टाकी होती. हा मुलगा एका हाताने गोल्फचा बॉल त्या विटांवर फेकायचा आणि उसळून परत आलेला बॉल बॅटने नाही, तर साध्या स्टंपने मारायचा. स्टंपची जाडी किती, गोल्फचा बॉल केवढा, आणि विटांवरून तो कुठल्या कोनात परत येईल याचा नेम नाही. आपल्याकडे कोणी हे पाहिलं असतं तर पोराला वेड लागलंय म्हटलं असतं. तासन्‌तास चालायचं हे, आणि एकट्याने! या एकट्याने शब्दाकडे जरा लक्ष ठेवा, तो पुढे परत येणार आहे.

गंमत म्हणजे ज्या वर्षी ब्रॅडमन जन्मला त्याच वर्षी, म्हणजे १९०८ मध्ये, अमेरिकेत यर्कीस आणि डॉडसन या दोघांचा एक पेपर छापून आला. त्यांनी उंदरांना दोन दारांपैकी बरोबर दार ओळखायला शिकवलं, आणि चुकलं की विजेचा हलका झटका दिला. सोपं काम असेल तेव्हा जोरदार झटक्याने उंदीर लवकर शिकले. पण फरक ओळखायला कठीण झाला तेव्हा मधल्या ताकदीचा झटका सगळ्यात उपयोगी पडला, आणि झटका वाढवला तसं शिकणं बिघडत गेलं. उंदरांना क्रिकेटशी काही देणंघेणं नव्हतं हे खरं. पण पुढच्या लोकांनी यावरूनच तो प्रसिद्ध उलटा यू काढला. आडव्या अक्षावर उत्तेजना, म्हणजे अंगातली आणि मनातली एकूण खळबळ, आणि उभ्या अक्षावर कामगिरी. खळबळ फार कमी असेल तर माणूस पेंगतो आणि फार झाली तर गडबडतो. मध्ये कुठेतरी एक जागा असते जिथे तो उत्तम खेळतो. काम जितकं नाजूक तितकी ही जागा डावीकडे सरकते. वजन उचलणाऱ्याला अंगात वारं भरलेलं चालतं, पण गोल्फचा बॉल हळूच खड्ड्यात ढकलणाऱ्याला चालत नाही. आता ताशी दीडशे किलोमीटरने येणाऱ्या बॉलला दोन फील्डरच्या मधून काढायचं, यात जोरही आला आणि नाजूकपणाही आला. म्हणजे बॅट्समनची पंचाईत दोन्हीकडून.

ब्रॅडमन पहिली टेस्ट खेळला ती १९२८ च्या शेवटी, ब्रिस्बेनला इंग्लंडविरुद्ध. वय वर्षे वीस. (माझंही वीस. पुढे बोलायला नको.) रन केले १८ आणि १. पावसाने भिजून मग उन्हात वाळणारी चिकट विकेट त्याने त्याआधी पाहिलीही नव्हती. ऑस्ट्रेलिया ६७५ रननी हरली आणि पुढच्या टेस्टला ब्रॅडमनला टीममधून काढलं. बारावा गडी! त्या मॅचमध्ये पॉन्सफर्डचा हात मोडला म्हणून याने बदली फील्डर म्हणून इंग्लंडचा ढीगभर स्कोअर मैदानावरूनच पाहिला. तिसऱ्या टेस्टला मेलबर्नला परत घेतलं, तेव्हा ७९ आणि ११२. मशीनवाल्यांनी ही नोंद घ्यावी, की मशीन पहिल्या ट्रायलला बंद पडलं होतं.

त्यानंतरचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून पटकन सांगतो. १९३० चा इंग्लंड दौरा, पाच टेस्ट, ९७४ रन. एका मालिकेतला हा विक्रम पुढे मोडला गेलेलाच नाही. ११ जुलैला लीड्सला त्याने लंचच्या आत शंभर, लंच ते चहा आणखी शंभराच्या वर, आणि दिवस संपला तेव्हा ३०९ नाबाद! एका दिवसात, एका माणसाने. दुसऱ्या दिवशी ३३४ वर आऊट. आणि हे सगळं बॉल जमिनीवर ठेवून. त्याने पूर्ण टेस्ट करिअरमध्ये फक्त ६ सिक्सर मारले. हवेत मारायचंच नाही म्हटल्यावर कॅच कुठून जाणार?

पण मला त्या दिवसापेक्षा ती संध्याकाळ जास्त महत्त्वाची वाटते. इतका पराक्रम केलेला माणूस टीमबरोबर जल्लोष करत बसला नाही. हॉटेलच्या खोलीत जाऊन एकटा संगीत ऐकत बसला. एका श्रीमंत ऑस्ट्रेलियन चाहत्याने त्याला खूश होऊन एक हजार पौंड दिले, तेव्हाची ही प्रचंड रक्कम, तरी त्याने टीमला पार्टी दिली नाही. सहकाऱ्यांना ते खूप लागलं. तुटक, शिष्ट, पैशाला धरून असणारा अशी त्याची ख्याती झाली आणि ती आयुष्यभर चिकटून राहिली. ओ’रायली आणि फिंगलटन यांच्यासारखे टीममधले बडे खेळाडू तर शेवटपर्यंत त्याच्यावर नाराजच राहिले. हॉस्टेलच्या भाषेत सांगायचं तर वाढदिवसाची पार्टी न देणारा टॉपर!

इथे मानसशास्त्राच्या पुस्तकात मला एक गोष्ट सापडली. आयसेंक नावाच्या शास्त्रज्ञाचं म्हणणं असं, की अंतर्मुख माणसांचा मेंदू मुळातच जास्त जागा असतो, त्यामुळे त्यांना बाहेरची खळबळ कमी पुरते आणि जास्त झाली तर सोसत नाही. बहिर्मुख माणसाचं उलटं, त्याला जागं राहायलाच गोंगाट लागतो. हा सिद्धांत सगळ्यांना मान्य आहे असं नाही, पण ब्रॅडमनला तो शिवून घेतल्यासारखा बसतो. दिवसभर हजारो लोकांच्या आरड्याओरड्यात सहा तास बॅटिंग केल्यावर याला शांत खोली आणि संगीत हवं होतं. पियानो तो स्वतःही चांगला वाजवायचा. माझ्या मते ती खोली म्हणजे त्याची कूलिंग सिस्टीम होती. म्हणून सहकाऱ्यांचा राग चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. एका साध्या चहाने काम झालं असतं, आणि तेवढं कळू नये इतका काही तो बावळट नव्हता.

पिचवर यायची त्याची पद्धतही अशीच. विकेट पडली की तो पॅव्हेलियनमधून मुद्दाम सावकाश चालत यायचा. डोळ्यांना उजेडाची सवय व्हावी हे कारण. इंग्लंडचे बॉलर ताटकळायचे, चिडायचे, आणि हा आपला चेहऱ्यावर बारीक हसू ठेवून संथ चालतोय. आजकाल खेळाडूंना शिकवतात तो ठरलेला क्रम, की श्वास घ्या, ग्लोव्ह्ज नीट करा, तेच ते त्याच क्रमाने करा, म्हणजे धडधड ताब्यात राहते, त्याचंच हे जुनं रूप असावं. ज्याला धडधडच नाही त्याला इतकं हळू चालायची गरज काय? हा मुद्दा मी कॉमन रूममध्ये मांडला तेव्हा दोन मिनिटं सगळे गप्प होते. (मग कोणीतरी चॅनल बदललं.)

आता येते ती मॅच, जिच्यामुळे हा लेख लिहायला घेतला. १९३२-३३ चा मोसम. ब्रॅडमनला रोखायचं कसं यावर इंग्लंडचा कॅप्टन डग्लस जार्डिन याने उपाय शोधला होता, तो म्हणजे बॉडीलाइन. फास्ट बॉलरनी लेग साइडला फील्डरांचं कडं उभं करायचं आणि बॉल थेट अंगावर, बरगड्यांवर टाकायचा. हेल्मेट नाही, आजच्यासारखी गार्ड नाहीत. मुख्य हत्यार हॅरोल्ड लारवुड. सिडनीची पहिली टेस्ट ब्रॅडमन खेळलाच नाही. वर्तमानपत्रात लिहिण्यावरून बोर्डाशी भांडण चाललेलं आणि तब्येतही ढासळलेली. दुसरी टेस्ट मेलबर्नला, ३० डिसेंबर १९३२. साठ हजारांच्या वर प्रेक्षक, सगळे फक्त एका माणसासाठी आलेले. तो आत आला तेव्हाचा आवाज काही मिनिटं थांबला नाही म्हणतात. बॉलर लारवुड नव्हता, उंच आणि चष्मेवाला बिल बोज होता. पहिला बॉल. ब्रॅडमन बाउन्सर गृहीत धरून आधीच ऑफ स्टंपकडे सरकला, पुल मारायला बॅट फिरवली. बॉल आखूड होता, पण उसळलाच नाही. बॅटची कड लागून स्टंपवर. शून्य. साठ हजार लोकांची बोलती बंद, आणि एरवी दगडासारखा असणारा जार्डिन आनंदाने नाचल्यासारखा उड्या मारत होता असं सांगतात. बोजला त्या अख्ख्या मालिकेत मिळालेली ही एकमेव विकेट.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून पाच मिनिटं छताच्या पंख्याकडे बघत बसलो. हे तर सेम टू सेम माझं होतं! बॉल पडायच्या आधीच डोक्यात पडून गेलेला बॉल. मानसशास्त्रात याचं उत्तर आहे. १९५९ मध्ये ईस्टरब्रुक नावाच्या माणसाने मांडलं, की खळबळ वाढते तसं लक्षाचं वर्तुळ लहान होत जातं. आधी निरुपयोगी गोष्टी बाहेर पडतात, ते चांगलंच, प्रेक्षक दिसत नाहीत, आवाज ऐकू येत नाही. पण त्याच्याही पुढे खळबळ वाढली की कामाच्या गोष्टीही बाहेर पडायला लागतात. बॉलरचं मनगट, बॉल हातातून सुटण्याची जागा, यातलं काही दिसत नाही. दिसतं फक्त तेच, ज्याची भीती असते. फायनलच्या पेपरात अवघड प्रश्नाला घाबरून शेजारचा सोपा प्रश्न वाचायचाच राहून जातो, तसंच.

पण माझ्यात आणि त्याच्यात पुढे एक फरक पडला, तो लपवून चालणार नाही. मी सबमिशनमागे लपलो. ब्रॅडमनने त्याच टेस्टच्या दुसऱ्या इनिंगमध्ये ऑस्ट्रेलियाच्या १९१ पैकी नाबाद १०३ केले, आणि ऑस्ट्रेलिया ती टेस्ट १११ रननी जिंकली. त्या मालिकेतला ऑस्ट्रेलियाचा तो एकमेव विजय. लारवुडसाठी त्याने एक विचित्र उपाय काढला. बॉल टाकायच्या वेळी लेगकडे बाजूला व्हायचं आणि मोकळ्या पडलेल्या ऑफ साइडला टेनिससारखा फटका मारायचा. काही लोक म्हणाले घाबरून पळतोय. पळत असेलही! पण पळता पळता त्या मालिकेत त्याने ५६.५७ च्या सरासरीने रन केले. दुसऱ्या कोणासाठी हा आकडा दिवाळी, ब्रॅडमनसाठी अपयश.

यानंतरची काही वर्षं वाचताना मशीन हा शब्द मला अगदीच टोचायला लागला. १९३४ मध्ये इंग्लंड दौऱ्याच्या शेवटी अपेंडिक्सने तो मरणाच्या दारात जाऊन आला. तो गेल्याच्या अफवा पसरल्या, आणि त्याची बायको जेसी ऑस्ट्रेलियाहून त्याच्याकडे यायला निघालेली होती. १९३६ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचं पहिलं मूल जन्मानंतर लगेच गेलं. त्यानंतर काही आठवड्यांतच कॅप्टन म्हणून त्याची पहिली मालिका सुरू झाली. पहिल्या दोन टेस्ट हरल्या. ब्रॅडमनचे स्कोअर होते ३८, ०, ०, ८२. लागोपाठ दोन शून्यं! याला कॅप्टन कोणी केलं अशी कुजबुज सुरू झाली. मग १९३७ च्या पहिल्या दिवशी मेलबर्नची तिसरी टेस्ट सुरू झाली. पाऊस पडला, विकेट चिकट. ब्रॅडमनने दुसऱ्या इनिंगला बॅटिंगचा क्रमच उलटा केला. ज्यांना बॅट धरता येत नाही ते बॉलर आधी पाठवले आणि स्वतः सातव्या नंबरवर, विकेट सुकल्यावर आला. ९७ ला ५ अशी अवस्था होती. अंगात फ्लू. त्याने २७० केले, फिंगलटनबरोबर ३४६ ची भागीदारी. होय, तोच फिंगलटन, ज्याचं त्याच्याशी पटत नव्हतं. पुढच्या दोन टेस्टमध्ये २१२ आणि १६९ केले, आणि ०-२ ने मागे पडलेली मालिका ३-२ ने जिंकली. असं पुढे कोणत्याच टीमला जमलेलं नाही. २००१ मध्ये विस्डेनने टेस्ट इनिंग्जची यादी केली तेव्हा या २७० ला पहिला नंबर दिला.

मला यातला आवडलेला भाग उलटा क्रम. दडपण सहन करणं वेगळं आणि दडपणाची वेळ पुढे ढकलणं वेगळं. चिकट विकेटवर मी भारी आहे हे दाखवायला तो आधी गेला नाही. ब्रिस्बेनची १८ आणि १ तो विसरला नव्हता.

मनाची काळजी आणि शरीराची खळबळ या दोन गोष्टी पुस्तकात वेगळ्या मोजतात. एक डोक्यातले नको ते विचार, दुसरी धडधड, घाम, पोटातला गोळा. मॅच सुरू झाली की दुसरी बऱ्याचदा लगेच उतरते, पहिली हटत नाही. ब्रॅडमनचं शरीर मात्र मॅच नसतानाही बोलायला लागलं होतं. दुसऱ्या महायुद्धात तो आधी हवाई दलात भरती झाला, मग लष्करात शारीरिक शिक्षणाच्या कामावर. तिथे डोळे तपासले तर नजर अधू निघाली! जगातला सर्वोत्तम बॅट्समन, आणि नजर अधू. मग स्नायूंच्या भयंकर दुखण्याने त्याला गाठलं, फायब्रोसायटिस म्हणायचे त्याला. उजवा हात वर जाईना, अंगठा आणि पहिल्या बोटातली संवेदना गेली ती कायमचीच. १९४१ मध्ये लष्करातून घरी पाठवलं. वर्षानुवर्षं आत दाबून ठेवलेल्या ताणाचा यात किती वाटा होता हे मी डॉक्टर नसल्याने ठामपणे सांगणार नाही, पण मला तरी संशय आहे. कूलिंग सिस्टीम कितीही चांगली असली तरी मेटल थकतंच, फटीग आपण थर्ड इयरला शिकलोय.

युद्धानंतर तो परत आला तेव्हा ३८ वर्षांचा होता. आणि १९४७-४८ ला आपली टीम ऑस्ट्रेलियाला गेली, कॅप्टन लाला अमरनाथ. टेस्टच्या आधी नोव्हेंबरमध्ये सिडनीला एक मॅच होती. ब्रॅडमनचं फर्स्ट क्लास क्रिकेटमधलं शंभरावं शतक जवळ आलेलं, मैदान भरलेलं. तो ९९ वर पोचला आणि चहाच्या आधीची शेवटची ओव्हर चालू होती. अमरनाथने काय करावं? बाउंड्रीवर उभ्या असलेल्या किशनचंदला बोलावून त्याच्या हातात बॉल दिला. किशनचंदने त्या दौऱ्यात एकही ओव्हर टाकलेली नव्हती! तो काय टाकतो हेच ब्रॅडमनला माहीत नाही. आणि ज्याने लारवुडला फोडलं तो माणूस या पार्टटाइम बॉलरला अगदी मान देऊन, जपून खेळला, मग हळूच एक रन काढली. नंतर भराभर मारून १७२. आमच्या टीव्हीवरचा तो ९७ वाला बॅट्समन आठवा आता. त्या टेस्ट मालिकेत ब्रॅडमनने आपल्याला धुतलं, ७१५ रन, सरासरी १७८.७५. पण आपल्या सांगलीच्या विजय हजारेंनी त्याला दोनदा बोल्ड काढलं, सिडनीला १३ वर आणि ॲडलेडला २०१ वर, शिवाय त्याच ॲडलेडच्या टेस्टमध्ये दोन्ही डावांत शतकं ठोकली. सांगलीकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

१९४८. शेवटचा इंग्लंड दौरा. लीड्सला शेवटच्या दिवशी ४०४ हवे होते, ब्रॅडमन नाबाद १७३, मॉरिस १८२, मॅच खिशात. त्यानंतर शेवटची टेस्ट ओव्हलला, १४ ऑगस्ट, शनिवार. लिंडवॉलने सहा विकेट काढल्या आणि इंग्लंड ५२ वर खलास. ऑस्ट्रेलियाचे ओपनर बार्न्स आणि मॉरिस यांनी ११७ केले, म्हणजे ब्रॅडमन पॅड बांधून बराच वेळ बसून होता. बार्न्स आऊट झाला तेव्हा संध्याकाळ होत आलेली.

आता आकडेमोड. या क्षणापर्यंत ७९ इनिंग, १० वेळा नाबाद, म्हणजे ६९ वेळा आऊट. रन ६९९६. सरासरी १०१.३९. आऊट व्हायच्या आधी चार रन केले असते तर ७००० भागिले ७०, बरोबर शंभर. हे गणित त्या वेळी आपल्याला माहीतही नव्हतं असं ब्रॅडमन सांगायचा, आणि ते खरं असावं. मैदानावर कोणी कॅल्क्युलेटर घेऊन बसलेलं नव्हतं.

नेहमीसारखाच तो सावकाश चालत निघाला. पण त्या दिवशी अख्खं ओव्हल उभं राहून टाळ्या वाजवत होतं, तो विकेटपर्यंत पोचेपर्यंत थांबलं नाही. पोचल्यावर इंग्लंडचा कॅप्टन यार्डली याने आपल्या खेळाडूंना भोवती गोळा केलं आणि ब्रॅडमनच्या नावाने तीनदा जयजयकार केला. हस्तांदोलन, टोपी काढणं. मग एरिक हॉलिज बॉल टाकायला आला. याच हॉलिजने आधीच्या कौंटी मॅचमध्ये आपला गुगली ब्रॅडमनपासून जपून ठेवला होता म्हणतात. पहिला बॉल लेगब्रेक, नीट अडवला. दुसरा गुगली. ब्रॅडमन पुढे आला, आणि बोल्ड. शून्य.

डोळ्यांत पाणी आल्यामुळे बॉल दिसला नाही अशी गोष्ट जगभर सांगतात. ब्रॅडमनला ती कधीच पटली नाही. पण १९५० मध्ये आलेल्या स्वतःच्या पुस्तकात त्याने काय कबूल केलंय बघा. त्या स्वागताने मन फार हेलावून गेलं, काळजी वाटायला लागली, आणि बॅट्समनसाठी ही मनाची अवस्था धोक्याची असते, असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. मशीनने! मला वाटतं त्या दिवशी गोंधळ त्या चालण्यातच झाला. ती संथ चाल म्हणजे त्याची एकट्याची वेळ होती, बाऊरलची टाकी आणि लीड्सची खोली यांच्यासारखीच. जार्डिनला वीस वर्षांत सुचली नसती अशी युक्ती यार्डलीच्या हातून प्रेमाने, नकळत घडली. ती वेळ त्याच्याकडून काढून घेतली गेली.

हार्डी आणि फेझी या दोघांनी १९८७ च्या सुमारास मांडलेलं एक मॉडेल आहे. त्यांचं म्हणणं, डोक्यात काळजी नसेल तर खळबळ वाढल्यावर कामगिरी त्या उलट्या यूसारखी हळूहळू उतरते. पण काळजी जास्त असेल तर कामगिरी एका बिंदूपर्यंत चढते आणि मग कड्यावरून पडावी तशी एकदम कोसळते, आणि थोडं शांत झाल्याने लगेच परत वर येत नाही. मटेरियल्सच्या लॅबमध्ये आपण माइल्ड स्टील आणि कास्ट आयर्न ओढून बघतो ना, तसं. एक वाकतं, ताणतं, आधी सूचना देतं. दुसरं काहीच दाखवत नाही आणि फट् करून तुटतं. ओव्हलला दोन बॉलमध्ये झालं ते दुसऱ्या जातीचं. सावरायला वेळ मिळाला असता तर तो सावरला असता, मेलबर्नला सावरला होताच. टेस्टमध्ये त्याने पन्नास ओलांडली ती ४२ वेळा, आणि त्यातली २९ शतकं झाली. पण त्यासाठी दुसरी इनिंग लागते. इंग्लंड दुसऱ्यांदा १८८ वर संपलं, ऑस्ट्रेलिया डावाने जिंकली आणि ब्रॅडमनला परत बॅटिंग आलीच नाही. सरासरी ९९.९४.

पुढे तो सर डोनाल्ड झाला, ॲडलेडला शेअर ब्रोकरचा धंदा केला, निवड समितीत आणि बोर्डात वर्षानुवर्षं राहिला. १९७१ मध्ये वर्णद्वेषाच्या कारणावरून दक्षिण आफ्रिकेचा दौरा रद्द करणाऱ्या बोर्डाचा अध्यक्ष तोच. पण लोकांच्या गराड्यात रमला नाही. रोज बसून चाहत्यांच्या पत्रांना उत्तरं लिहायचा, घराबाहेर मात्र टाळायचा. त्याच्या मुलाने तर ब्रॅडमन नावाचं ओझं नको म्हणून काही वर्षं आडनावच बदललं होतं. १९९८ मध्ये नव्वदाव्या वाढदिवशी त्याने घरी बोलावलं ते शेन वॉर्न आणि आपल्या सचिनला, बाकी धुमधाम नाही. २५ फेब्रुवारी २००१ ला तो गेला.

ऑस्ट्रेलियाच्या सरकारी रेडिओ-टीव्हीचा, म्हणजे एबीसीचा, तिथल्या प्रत्येक राज्याच्या राजधानीतला पोस्ट बॉक्स नंबर होता ९९९४. ते चार रन झाले असते तर हा नंबर कोणाला आठवलाही नसता. हे मी परवा कॉमन रूममध्ये सांगितलं तर त्यावर नवा वाद सुरू झाला, की अपुरं राहिलेलं जास्त लक्षात राहतं का, आणि मेसची वेळ पुन्हा टळली.

शनिवारी सकाळी साडेसहाला नेट आहे. माझे पॅड गेल्या वर्षी कोणीतरी नेले होते, ज्याच्याकडे असतील त्याने कृपया रूमवर आणून द्यावेत.